कांता आत्तीचा गुडघा

माझी आत्या माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठी. ती रांगत होती तेव्हाच आजी गेली, त्यामुळं माझ्या आईनंच तिला वाढवलं आणि आम्ही दोघी एका वाकळेत झोपून, एका ताटात जेवून मोठ्या झालो. ती माझ्या वडिलांना अण्णा म्हणायची, मी अप्पा म्हणायची. ती माझ्या आईला वैनी म्हणायची, मी माय. आमच्याकडं आत्याला आत्ती म्हणतात, म्हणून ती कांता आत्ती. बाहेरच्यांना आम्ही बहिणीच वाटायचो. झोपेत ती लाथा मारायची. सकाळी माझ्या पिंढऱ्या दुखायच्या आणि मी मायकडं तक्रार केली की माय भाकरी थापता थापता म्हणायची, "तिच्या पायात काय शिरलंय की बाई. जलमली तवापास्नं पाय हालवायलीय."

आमचं गाव भालकीहून हुलसूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आणि घर गावाच्या कडेला भीमनगरात. दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, पुढं पत्र्याची पडवी. अप्पा साखर कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे उसाचा रस आटवून साखर धरायची तिथं. हंगाम सुरू झाला की वारा आमच्याकडं असेल त्या दिवशी मळीचा आंबूस वास थेट चुलीपर्यंत यायचा, आणि पाळी संपवून अप्पा घरी आले की त्यांच्या सदऱ्याला पाकाचा. हंगाम सरला की ते रोजगार बघायचे आणि बटईनं घेतलेलं थोडंसं रान कसायचे. माय अंगणवाडीत मदतनीस होती. घरात बोलणं कमी आणि आवाज भरपूर: उसाच्या ट्रॅक्टरवरची कन्नड गाणी, शेजारच्या घरातला हैदराबादकडचा रेडिओ, कारखान्याचा भोंगा, आणि या सगळ्यात आत्तीचं भिंतीवर काहीतरी मारत राहणं. चिंध्यांचा गोळा, नारळाची फुटकी करवंटी, जे पायाखाली येईल ते.

रेणुका अक्का आमच्या आयुष्यात आल्या त्या मायमुळं. अक्का कलबुर्गीकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, भालकीत एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. स्वतः कधीकाळी राज्याकडून खेळलेल्या. भालकीत त्यांनी बायकांचा फुटबॉल क्लब काढला होता आणि त्यासाठी खेड्यापाड्यांतून मुली शोधत त्या लुनावरून फिरायच्या, हँडलला जाळीच्या पिशवीत बॉल अडकवून. एक दिवस त्या आमच्या अंगणवाडीच्या दारात थांबल्या आणि मायला विचारलं, "बाई, या गावात पळणारी पोरगी कोण हाय?"

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून म्हटलं, "माझी नणंद पळते की. बस सुटली तर मागून जाऊन पायदानावर उडी मारते. बोलवू का?"

असं ते झालं. पुढं कित्येक वर्षं माय मधूनच हातातलं काम थांबवून म्हणायची, "मीच बोलवलं तिला." कुणी तिला दोष दिला नव्हता. तरी म्हणायची.

आत्ती तेव्हा अकरावीला भालकीच्या कॉलेजात जायला लागली होती. त्याच सुमारास क्लबचा आणि कॉलेजचा करार झाला. क्लबकडं अक्का होत्या आणि मुली होत्या, पण मैदान नव्हतं. कॉलेजकडं मैदान होतं, पण खेळणारं कोणी नव्हतं. तेव्हा असं ठरलं की अक्कांनी शिकवायचं, कॉलेजनं मैदान, कपडे आणि सकाळचा खाऊ द्यायचा, खेड्यातल्या मुलींना तयार करायचं, आणि त्या पुढं कॉलेजात आल्या की त्यांची फी घ्यायची नाही. मोठ्या मुलींच्या मागोमाग शाळेतल्या धाकट्या मुलींचीही एक तुकडी करायची होती. त्या तुकडीत मीही गेले. मी काही खेळाडू नव्हते, आत्ती जिथं जाईल तिथं जाणारी होते. कराराच्या दिवशी मांडव घातला होता. प्राचार्य होते, क्लबचे अध्यक्ष म्हणजे बाजारातले एक कापड व्यापारी होते, शाली झाल्या, नारळ झाला. 'युवा विकास योजना' असं लिहिलेला मोठा फलक धरायला आत्तीला उभं केलं. प्राचार्य कन्नडमधून बोलले आणि शेवटी आमच्यासारख्या मराठी मुलींसाठी मराठीत म्हणाले, "या पोरी आता दोघांच्या. क्लबच्याही आणि कॉलेजच्याही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. दोन घरं मिळाली म्हटल्यावर कोण नाही वाजवणार.

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही जायचो. बस चुकली तर उसाच्या ट्रॅक्टरवर. अक्का मैदानाच्या कडेला दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या असायच्या. त्यांचा एक नियम होता, मैदानात नातं नाही. मी पहिल्याच दिवशी "आत्ती, इकडं दे" म्हणून ओरडले तर त्यांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. "इथं आत्ती-गित्ती ब्याड. नाव घ्यायचं." ब्याड म्हणजे नको, हे आम्हाला कळत होतंच. मग मी मैदानात तिला कांता म्हणायची आणि बसमध्ये बसलो की पुन्हा आत्ती. माझ्या तोंडून कांता ऐकलं की तिला हसू यायचं, आणि त्या हसण्यातच ती समोरच्या मुलीला चकवून निघून जायची. तिचा डावा पाय. बॉल घेऊन ती घाई करायची नाही. समोरचीला जवळ येऊ द्यायची, अगदी अंगावर येऊ द्यायची, आणि मग जिथं जागाच नाही असं वाटायचं तिथून निघायची. मी पुढं पुष्कळ सामने पाहिले, टीव्हीवर परदेशातल्या बायकांचे पाहिले. ते वाट बघणं मला फार थोड्यांत दिसलं. की माझीच आत्या म्हणून मला तसं वाटतं, कोण जाणे.

सराव झाला की कॉलेजचा शिपाई उकडलेली अंडी आणि केळी घेऊन यायचा. आत्ती एक अंडं खायची आणि एक ट्रॅक पँटच्या खिशात ठेवायची. ते मायसाठी. बसच्या गर्दीत ते दबून चपटं व्हायचं, त्याला खिशातली धूळ लागायची. माय ते पाण्यानं धुवायची, मीठ लावायची आणि तिघींत वाटून टाकायची. आत्ती चिडायची. "वैनी, तुला आणलंय. मला कामून देयलीस? मी खाल्लंय तिकडं." माय ऐकायची नाही. भीमनगरात तेव्हा आत्तीचा मान वाढला होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिला क्लबची जर्सी घालून सगळ्यांच्या पुढं चालवलं. ती लाजून इतक्या भराभर चालली की ढोलवाले मागं राहिले.

एक खोट होती ती मैदानात. आमच्याकडची माती काळी. पावसाळ्यात ती बुटाला चिकटते आणि हिवाळ्यात वाळून तिला भेगा पडतात, काही काही तर बोट जाईल एवढ्या. मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवायचं करारात ठरलं होतं. अक्का दर आठवड्याला त्याची आठवण करून द्यायच्या. कॉलेजचे क्रीडा संचालक बिरादार सर दरवेळी "होईल, होईल" म्हणायचे. सर वाईट माणूस नव्हते. तिशीतले, कायम न झालेले, दरवर्षी नोकरीचा कागद नव्यानं मिळवावा लागणारे. प्राचार्यांच्या दारात मुरमाचं नाव काढायला ते घाबरत असावेत. अक्का आम्हाला सराव संपला की भेगांमध्ये माती भरायला लावायच्या. आम्ही ओंजळीनं भरायचो. दुसऱ्या दिवशी शेजारी दुसऱ्या पडलेल्या असायच्या.

त्या वर्षीची येळवस मला अजून तोंडात आहे. मार्गशीर्षातली ती अमावस्या आमच्याकडं सगळे रानात जाऊन साजरी करतात. आम्ही पूजा मांडत नव्हतो, पण भज्जी आणि अंबील सोडत नव्हतो. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, तर हिरव्या शेंगांचे दाणे, भाज्या आणि बेसन घालून शिजवलेली दाट आमटी. तिच्यासोबत बाजरीचे उंडे. अप्पांनी अक्कांना बोलावलं होतं. हरभऱ्याच्या कडेला घोंगडं टाकून आम्ही जेवायला बसलो, ज्वारी डोक्याच्या वर उभी होती आणि आजूबाजूच्या रानांतून माणसं एकमेकांना हाका मारत होती. जेवता जेवता अक्कांनी सांगितलं की संक्रांतीनंतर बेंगळूरहून निवड करणारे लोक येणार आहेत. कॉलेजच्या मैदानावर सामना ठेवणार, कलबुर्गीच्या संघाशी. ज्या मुली त्यांना आवडतील त्यांना तिकडं ठेवून घेणार, राहणं, शिक्षण, सगळं त्यांच्याकडं.

अप्पांनी खाली बघत विचारलं, "आमची कांता जाईल म्हणता?"

"दुसरी कोण जाईल की न्हाई ते मला ठाऊक न्हाई," अक्का म्हणाल्या. "ही जाईल."

अप्पांनी गाडगं तिरपं करून तळाची, सगळ्यात दाट भज्जी काढली आणि अक्कांच्या ताटात वाढली. आत्ती उठून बांधावरून धावत सुटली. पोट भरल्यावर धावू नये म्हणून माय तिच्यावर ओरडत होती. एवढं सुख आमच्या घरानं त्याआधी कधी एका जागी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

त्यानंतर चार-आठ दिवसांत ते झालं. साधा सराव होता. आत्ती बॉल घेऊन उजवीकडं वळली, तिचा पाय भेगेत अडकला, अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला. मी जवळच होते. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. ती खाली बसली, लगेच उठली आणि म्हणाली, "काई न्हाई झालं." दोन पावलं चालली आणि पुन्हा बसली. अक्कांनी फाटकावरच्या गारीगारवाल्याकडून बर्फ आणला, रुमालात बांधून लावला. घरी येईपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. गावात हाड बसवणारे एक आजोबा होते. त्यांनी चाचपून "हाड मोडलं न्हाई, शीर चढलीय" असं सांगितलं, चुना-हळद लावली आणि पट्टी बांधली. हाड खरंच मोडलं नव्हतं. पंधरवड्यात सूज उतरली. आत्ती चालू लागली, मग हळू पळू लागली. फक्त मधूनच सपाट जागेवर चालताना तिचा पाय आतल्या आत निसटायचा, आणि ती माझा खांदा धरायची. हे तिनं कुणाला सांगू दिलं नाही. अक्कांना मात्र न सांगता कळलं. त्यांनी तिला झोपवून गुडघा हातात धरला, पुढं ओढून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही खेळणार न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. निवड पुढल्या वर्षी बी हुईल."

सामन्याच्या आदल्या दिवशी बिरादार सर मैदानावर आले. आम्ही सगळ्या जाळी बांधत होतो. सर आणि अक्का थोडे बाजूला उभे होते, पण बोलणं ऐकू येत होतं.

"मॅडम, बेंगळूरचे लोक कुणाला बघायला यायलेत? या पोरीला. ती न्हाई उतरली तर दाखवायला आपल्याकडं हाय काय? प्राचार्य योजनाच बंद करायचं म्हणायलेत."

"तिचा गुडघा बरा न्हाई, सर."

"चालतीय की, पळतीय की."

"माझ्या क्लबची खेळाडू हाय. मी उतरवणार न्हाई."

"कॉलेजची विद्यार्थिनी हाय, मॅडम. नाव आमच्या पटावर हाय. आमच्या कपड्यात खेळतीय."

दोघंही तिला माझी, माझी म्हणत होते. आत्ती जाळी सोडून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "अक्का, मी खेळते," ती म्हणाली. "पट्टी बांधून खेळते. योजना बंद झाल्यावर या बारक्या पोरी कुठं जातील?" तिनं आमच्याकडं हात केला. पण मला ठाऊक होतं, तिला आमचं काही पडलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. सतरा वर्षांच्या पोरीला बेंगळूरची गाडी दारात उभी दिसत होती. अक्कांनी नाही म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं असं मला वाटतं. पण त्यांनी खिशातून पट्टीचं भेंडोळं काढलं आणि तिथंच खाली बसून तिच्या गुडघ्याला कसं बांधायचं ते करून दाखवलं.

सामन्याला गाव लोटलं होतं. अप्पा पाळी बदलून आले, माय पांढरी साडी नेसून आली. पहिल्या अर्ध्यात आत्तीनं गोल केला. मी राखीव मुलींत बसले होते, तिथून तो नीट दिसला. दोघीजणी तिच्या अंगावर आल्या, ती थांबली, थांबली, आणि त्यांच्यामधून डाव्या पायानं बॉल असा सारला की गोलकीपरनं हातही उचलला नाही. बेंगळूरहून आलेल्यांपैकी एक बाई उठून उभी राहिली. मायनं अप्पांचा दंड धरला. दुसरा अर्धा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. बॉल हवेतून आला, आत्तीनं उडी मारून तो छातीवर घेतला आणि एका पायावर उतरली. जवळपास कुणीसुद्धा नव्हतं. तिचा गुडघा आत वळला आणि ती पडली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी माती धरून पालथी पडून राहिली. उरलेला सामना झाला, आम्ही हरलो. बेंगळूरच्या लोकांनी कलबुर्गीच्या दोन मुली निवडल्या. त्यातल्या एकीला आत्तीनं पहिल्या अर्ध्यात तीनदा चकवलं होतं.

बिदरच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावले आणि सांगितलं की गुडघ्याच्या आतली दोरी पूर्ण तुटली आहे, मधली गादीही फाटली आहे, ऑपरेशन लागेल आणि ते हैदराबादला. खर्च ऐकून अप्पांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन बाकावर बसले. मग ते म्हणाले, "दोघांच्या पोरी हायत्या म्हणले होते. जाऊन विचारतो."

ते कारखान्याच्या खाकी कपड्यांतच प्राचार्यांकडं गेले. मी बरोबर होते. आम्हाला बराच वेळ बाहेर बसवलं. जिथं बसवलं तिथं समोरच्या भिंतीवर योजनेचा फलक लावलेला होता. आत बोलावल्यावर प्राचार्यांनी हळहळ व्यक्त केली, चहा सांगितला, आणि म्हणाले, "हे बघा, खेळाडू क्लबची. शिकवणाऱ्या क्लबच्या. आम्ही फक्त मैदान दिलं. खेळताना लागलं तर ते क्लबनं बघायचं असतं."

तिथून आम्ही बाजारात अध्यक्षांच्या दुकानात गेलो. त्यांनीही बसायला गादी दिली. "अण्णा, पोरगी कॉलेजच्या मैदानावर, कॉलेजच्या कपड्यात, कॉलेजच्या सामन्यात पडली," ते म्हणाले. "आमची बाई तर खेळवू नका म्हणत होती. हे सगळं कॉलेजनं करायचं."

दुसऱ्या आठवड्यात अप्पा पुन्हा कॉलेजात गेले, मग पुन्हा दुकानात. ते कुठंही आवाज चढवत नव्हते. माणसानं चुकून दुसऱ्याच्या दारात उभं राहावं तसे उभे राहायचे आणि "बरं" म्हणून निघायचे. बिरादार सर एकदा जिन्यात भेटले, अप्पांना पाहून त्यांचे डोळे भरले. मग ते "येतो मी" म्हणून वर निघून गेले. मला आजही त्यांचा राग नीट धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. शेवटच्या खेपेला परत येताना बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुणी न्हाई म्हणत न्हाई बघ. समदे चहा पाजवायलेत." त्यानंतर ते गेले नाहीत.

अक्का घरी आल्या तेव्हा केळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी शाळेतून उचल मागितली होती, ओळखीच्यांकडं हात पसरले होते, ते पुरेसं होत नव्हतं. पडवीत खाली बसून त्या आत्तीचा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिल्या. माय म्हणाली, "अक्का, तुमी एकदा न्हाई म्हणायचं होतं." आवाजात राग नव्हता. अक्का म्हणाल्या, "व्हय." तेवढंच. उन्हाळ्यात त्यांनी क्लब सोडला. त्यांच्याशिवाय क्लब म्हणजे अध्यक्षांच्या दुकानातला एक शिक्का होता. त्या कलबुर्गीला परत गेल्या, आणि पुढं त्यांनी कुठं मुली जमवल्या असं मी तरी ऐकलं नाही.

खेळ गेल्याचं दुःख लोकांना कळतं. बाकीचं कळत नाही. आत्तीला उकिडवं बसता येईना. आमच्या घरी संडास नव्हता, पहाटे रानात जायचं असायचं, आणि तिथं मायला तिला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं, लहानपणी धरायची तसं. चुलीपुढं बसता येईना म्हणून ती भाकरी उभ्यानं ओट्यावर थापायची, पण तोल एकाच पायावर घेऊन. घागर घेऊन येताना पाय निसटून पडली. कॉलेजात जिना होता, वर्ग वरच्या मजल्यावर. हजेरी भरली नाही म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं नाही, आणि नाव पटावरून गेलं तशी फीची सवलतही गेली. भीमनगरातली माणसं सुरुवातीला विचारपूस करत, मग विचारायची थांबली. पुढच्या चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या दारावरून गेली. ती आतल्या खोलीत होती, दार लोटून.

कॉलेजनं धाकट्या तुकडीला वर्षभर आणखी चालवलं, नव्या माणसाच्या हाताखाली. मला जायचं नव्हतं. आत्तीनंच मला पाठवलं. "तू जा," ती म्हणाली, "तुझी तर फी वाचंल." मी गेले तर मैदान लाल होतं. कुण्या मंत्र्याच्या कार्यक्रमासाठी मुरूम टाकून, रोलर फिरवून चकचकीत केलेलं. मी कडेला उभी राहिले आणि मला पुढं पाऊल टाकवेना. नवे सर हाका मारत होते. मी घरी येऊन सांगितलं की सराव बंद झाला. आत्तीनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी खोटं बोलते हे तिला कळलं. ती म्हणाली, "बरं झालं." मी नंतर शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, बसवकल्याणला मराठी शाळेत लागले, आता चाळिशी ओलांडलीय. खेळाचा तास असला की मी तो दुसऱ्या बाईंना देते.

आत्तीला बघायला उदगीरकडची माणसं आली. मुलगा बरा होता, एस.टी.च्या कार्यशाळेत कामाला. ती चहा घेऊन आली तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "पाय कामून ओढायलीस, बाई?" मायनं तोंड उघडलं. मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं की फुटबॉल-बिटबॉलचं बोलू नका, पोरगी बाहेर बाहेर असायची असं दिसतं. तेवढ्यात आत्तीनंच चहाचा ट्रे खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "विहिरीच्या पायऱ्यावरून घसरले होते." अप्पा उठून पडवीत गेले. लग्न झालं. वंदनेच्या वेळी सगळे गुडघे टेकून बसले. आत्तीला नवरदेवानं हळूच "उभी राहिलीस तरी चालंल" असं सांगितलं, पण ती बसली. मी मागं होते. तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. ती पंचशील संपेपर्यंत हलली नाही.

तो माणूस चांगला निघाला. आत्तीला काही कमी नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी उदगीरला गेले होते. दुपारी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो, आत्ती खुर्चीवर, मी खाली. तिची मुलगी, कॉलेजात शिकणारी, आईला गुडघ्यावर लावायचं तेल घेऊन आली. जिने चढताना आईला फार त्रास होतो, आता डॉक्टर सांधाच बदला म्हणतात, असं सांगत होती. मग मला म्हणाली, "ताई, तू तर तेव्हा तिथंच होतीस. एवढं कसं लागलं गं आईला?"

मी आत्तीकडं पाहिलं. ती शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला नव्हता.

"विहिरीच्या पायऱ्यावरून घसरली," मी म्हटलं.

"तेवढ्यानं?"

"लई निसरड्या होत्या त्या पायऱ्या," आत्ती म्हणाली, आणि टरफलं पदरात गोळा करू लागली.